सायकल एक, काळी, गहाळ

उभ्यानं

ओसरीत सायकल नव्हती.

वच्छला पायरीवरच थांबली. बोटांना अजून कार्बोलिक साबणाचा वास होता आणि डोक्यावरचा ओला पदर गल्लीतून येईपर्यंत खडखडीत सुकला होता. नांदघाटात एप्रिलची दुपार म्हणजे कुत्रंसुद्धा सावली सरकली तरी उठत नाही. गल्लीच्या त्या टोकाला नुकतीच एक मुलगी जन्मली होती, रडायला जरा वेळ लावलेली, पण मग सगळ्या आळीला ऐकवणारी. बाळंतीण बरी होती. दाई दुर्गाबाई अजून तिथंच बसून वार पुरायचा खड्डा किती खोल असावा यावर घरच्यांशी हुज्जत घालत होती. नाळ बांधायची वेळ आली तेव्हा तिनं आज दोरा वच्छलाच्या हातात दिला होता. "बांध तूच. सरकारचा पगार तू खातं," असं म्हणाली होती. वच्छलाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दुर्गाबाईचं बोलणं असंच.

तीन तास वच्छला त्या घरात होती. तीन तासांपूर्वी सायकल इथं होती, भिंतीला टेकून, मागच्या चाकाला कुलूप लावून. किल्ली आत्ताही तिच्या कमरेला होती. हँडलच्या मुठीनं चार वर्षांत भिंतीवर पाडलेला काळा डागही जागेवर होता.

सायकल तिची नव्हती. मडगार्डवर आधी जनपद सभेचा नंबर होता, गेल्या साली तो खरवडून जिल्हा परिषदेचा घातला होता. आणि मंगळवारी दुपारी चार वाजता कंपाउंडर जानराव नर्स वच्छलाकडून या उपकेंद्राचा चार्ज घ्यायला येणार होते. कंदील एक, किटली एक, वजनकाटा एक, सायकल एक. यादीतलं काहीही कमी भरलं तर चार्ज पुरा होत नाही. चार्ज पुरा नाही तर सुटका नाही. आणि गुरुवारी ती बडनेऱ्याच्या दवाखान्यात हजर झाली नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार, हे बदलीच्या हुकमातच लिहिलं होतं.

बडनेऱ्याला तिची आई होती, चतुराबाई. दिवाळीपासून उजवा हात आणि उजवा पाय लुळा. शेजारीण भाकर टाकून देई तेव्हा जेवायची. बडनेऱ्यासाठी वच्छलानं अकरा अर्ज केले होते, त्यातले शेवटचे पाच दिवाळीनंतरचे.

आज शनिवार होता. १९६३ सालच्या एप्रिलची सत्तावीस तारीख.

पायी, एकशे चाळीस पावलं

धुळीत चाकाची रेघ होती. एकच.

सायकल ढकलत नेली की दोन चाकांच्या दोन रेघा उमटतात. सरळ वाटेवर त्या एकमेकींवर पडतात, पण वळणावर हटकून फुटतात. इथं वळणावरही एकच रेघ होती. म्हणजे नेणाऱ्यानं कुलूप तोडलं नव्हतं. मागचं चाक हातानं उचलून धरून नुसत्या पुढच्या चाकावर तिला नेलं होतं, हट्टी वासराला मागून ढकलावं तसं. पावलं मात्र शेळ्यांनी तुडवून टाकली होती.

वच्छला रेघेच्या कडेकडेनं चालत राहिली. रेघ मोठ्या रस्त्याकडं वळली नाही. घरांच्या पाठीमागून, मारुतीच्या पाराला वळसा घालून ती घाटावर आली आणि पहिल्या दगडी पायरीशी संपली.

घाट हा नांदघाटचा अभिमान. सतरा पायऱ्या, काळ्या दगडाच्या, भोसल्यांच्या अमलात कुण्या सुभेदारानं बांधलेल्या. दोन्ही अंगांना दोन दगडी हत्ती. त्यांच्या पाठी गावातल्या लेकरांनी दीडशे वर्षं घसरून घसरून आरशासारख्या केल्या होत्या. या हत्तींमुळं गावाचं नाव एक दिवस पुस्तकात येईल असं रामराव मास्तर दर पंधरा ऑगस्टला सांगत. खाली पूर्णेचा डोह. उन्हाळ्यात बाकीची नदी घोट्याएवढी होते, पण घाटाखाली हिरवं पाणी उभंच असतं.

वच्छला खालच्या पायरीपर्यंत उतरली. तिथं आठ-दहा धोंडे ओळीनं मांडून ठेवले होते. एकावर ती टेकली आणि लगेच उठली. पांढऱ्या पातळाला वाळलेलं शेवाळ लागलं होतं.

समोरच्या काठाला पुंजाजी भोयाची लहान डोंगी बांधलेली दिसत होती, त्याच्या टरबुजांच्या वाडीपाशी. अलीकडच्या काठाला काहीच नव्हतं. मोठा डोंगा तर पाडव्यालाच झोपवला होता. वैशाखाच्या उन्हात लाकूड तडकू नये म्हणून पुंजाजी दर वर्षी तो दगडांनी भरून डोहात बुडवायचा आणि मृगाच्या तोंडावर वर काढायचा.

पलीकडं न्यायला अलीकडं डोंगी नाही. मागं फिरल्याची धुळीत रेघ नाही. सायकल घाटापर्यंत आली होती आणि घाटावरून कुठंही गेली नव्हती.

बसून, शेवटी उभ्यानं (विचारलेले प्रश्न गाळले आहेत)

*खुशालराव, सरपंच. मोठ्या रस्त्यावरच्या निंबाखाली.*

"बसा नर्सबाई. आमी अकरा वाजतापासून अथीच पत्ते कुटून रायलो."

"नाई. सायकल सोडा, सायकलीची घंटीबी अथून गेली नाई. एक बैलबंडी गेली, दोन म्हशी गेल्या, आन पोस्टमन."

"पुंजाजी? तो तं वाडीत होता. अथून दिसत होतं ना त्याचं पागोटं, नदीच्या पल्याड. दुपारभर एका जागी उभा, हाललाबी नाई. म्हातारा झाला आता, उभ्या-उभ्या झोप लागली आसन."

"माह्यावर संशय? घ्या. मी काय लेडीज सायकलवर बसून पंचायतीत जाऊ?"

"आन चोरीचंच मनता तं माही फिर्याद आधी लिहा. काल माह्या बंडीच्या वंगणाची नळी कोनं तरी रिकामी केली. बांबूची, एवढी मोठी, गच्च भरलेली. सकायपासून चाक कुरकुर करून रायलं. त्याच्यासाठी काई कोनी कंपाउंडर येत नाई."

*रामराव मास्तर. शाळेच्या व्हरांड्यात, पेपर तपासताना.*

"तुमच्या सायकलकडं मी वाईट नजरेनं पाहायचो, कबूल आहे. तिचं सीट गादीचं. माझं फाटकं. पण नजरेनं सायकल जात नसते."

"चार्जचं दुःख मला विचारा बाई. मागच्या साली माझी बदली झाली तेव्हा शाळेचं घड्याळ यादीत होतं, भिंतीवर नव्हतं. पाच महिने नुसता पत्रव्यवहार. शेवटी बदलीच रद्द झाली, म्हणून तर तुमच्यासमोर बसलोय. गावात कोणाला माहीत नाही? पोरं गॅदरिंगला त्याचं नाटक करतात. माझं काम करणाऱ्या पोराला बक्षीस मिळालं."

"माझी सायकल न्या. उद्या बाजार आहे. जुन्या सायकली तिथंच खपतात. फक्त उतारावर ब्रेकचा भरवसा धरू नका."

*दुर्गाबाई, दाई. पुंजाजीची बायको. आपल्या दारात, सून शालूच्या केसांना तेल लावताना.*

"मले कावून विचारतं? मी तुह्यासंगच नव्हतो काय? तुह्या डोळ्यांपुढं बसून होतो तीन घंटे."

"गेली तं बरं झालं. बाईमानसानं दोन चाकावर बसाव काय."

"शालू ना? बरी हाय. आठवा लागला. पहिलटकरीन सातव्यात माहेरले जाते, इचे माय-बाप तं पटकीत गेले. नवरा अकोल्याले, कापसाच्या जिनात. कोन्या माहेरले जाईन? अथीच होईन. मी हावो ना. मी हावो ना."

शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली. पुंजाजी घरात होता, त्याचा खोकला ऐकू आला, पण तो बाहेर आला नाही.

वच्छला अंगणातच उभी राहून हे ऐकत होती. ती बौद्ध घरची, दुर्गाबाई भोयाची. पहिल्या वर्षी दुर्गाबाई उपकेंद्राची ओसरी चढत नसे. नर्सबाईनं नाळ कापायचं पातं उकळायला सांगितलं की ती म्हणे, पातं काय चहा हाय काय. मग एका अवघड बाळंतपणात दोघी चौदा तास शेजारी बसल्या आणि तेव्हापासून दुर्गाबाई पातं उकळते, शिव्या देत उकळते. एका परातीत हात धुणं सुरू झालं होतं. एकमेकींच्या घरचं पाणी मात्र दोघींनी कधी मागितलं नव्हतं.

सायकलवर, चार मैल जाणं

मास्तरांच्या सायकलला मधली दांडी होती. वच्छलानं पातळाचा कासोटा मारला, दांडीवरून पाय टाकला आणि निंबाखालचे पत्ते जागच्या जागी थांबले.

रविवार. दोन्ही बाजूंना खारपाणाची जमीन, उन्हानं भेगाळलेली, कडेला मिठासारखी पांढरी. विहिरी आहेत पण पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून तर इकडची गावं नदीला चिकटून बसली. ही वाट वच्छलाला पाठ होती. कुठं खडी, कुठं वाळू, कुठल्या वळणावर पॅडल न मारता पाऊण फर्लांग सायकल आपसूक जाते. चार वर्षं ही वाट मोजताना तिच्या डोक्यात बडनेराच असे. आता नांदघाट पाठीमागं राहिला की मानेला काहीतरी ओढ लागल्यासारखं होत होतं. तिनं वळून पाहिलं नाही. ब्रेकचा भरवसा नव्हता.

बाजारात श्रावण मिस्त्रीचं पंक्चरचं दुकान. त्यानं मान हलवली.

"नाई बाई. काळी लेडीज आली असती तं सगळ्या बाजारानं पाह्यली असती."

तिनं त्याच्याकडून हवा भरून घेतली. निघता निघता, खुशालरावांचा चिडका चेहरा आठवून, सहज विचारलं, "बंडीचं वंगण सायकलीले चालते काय हो?"

"चालवाले नाई चालत. गचाळ होते, धूळ धरते." श्रावणनं पंप खाली ठेवला. "ठेवाले चालते. पावसाळ्यात लोकं सायकल माळ्यावर टाकतात, तवा चेनीले, स्पोकले, रिमले चोपडून ठेवतात. मंग पानी लागलं तरी जंग चढत नाई."

"चोर चोपडीन काय?"

"चोर कायले चोपडते? चोर पुसून आनते, चकचकीत दिसाव मनून." तो हसला. "चोपडनाऱ्याले सायकल परत द्याची असते बाई."

सायकलवर, चार मैल येणं, त्यातले अडीचच

परत द्यायची असते.

परत द्यायची, तर न्यायची कशाला? आणि एक दिवस आधी वंगण आणून ठेवायचं म्हणजे हे रागाच्या भरात केलेलं नाही, ठरवून, काळजीनं केलेलं. पाणी लागलं तरी जंग चढत नाही. पाणी...

तिनं ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. दोन्ही पाय जमिनीला घासत ती एका बाभळीपाशी थांबली आणि पातळाच्या निऱ्यांकडं पाहू लागली. कालचा शेवाळाचा डाग धुऊनही गेला नव्हता.

घाट कोरडा, ऊन कडक. घाटावरच्या धोंड्याला शेवाळ येईल कुठून?

डोंगीत

"मामा, मले तुमची वाडी पाहाची हाय," सोमवारी सकाळी वच्छला पुंजाजीला म्हणाली. "परवा जानं हाय. चार वर्षांत एकदाबी आत जाऊन पाह्यली नाई."

पुंजाजीनं डोंगी पाण्यात लोटली. पासष्टीचा माणूस, पाण्यात पाय पडला की चाळिशीचा होई.

"वल्हं द्या माह्याकडं."

"गरगर फिरन."

"फिरू द्या."

डोंगी फिरली. दोन गिरक्या घेतल्या, एका दगडी हत्तीच्या सोंडेला जाऊन टेकली, मग घाटाच्या सावलीकडं सरकली. पुंजाजी हसत होता, तो एकदम थांबला.

"तिकडे नोको. खाली डोंगा झोपला हाय, वल्हं अटकते."

"एवढ्या खाली?"

"अटकते मनलं ना."

त्यानं वल्हं काढून घेतलं. डोंगी सरळ पलीकडच्या काठाला नेली.

वाडी नदीच्या वाळूत होती. वेलांखाली टरबुजं पोट वर करून पडली होती. मधोमध बुजगावणं: दोन काठ्या, फाटका अंगरखा, कडब्याचं डोकं. डोकं बोडकं होतं आणि त्याचा वरचा भाग कुणीतरी घट्ट आवळून बांधल्यासारखा दबला होता. वच्छलानं मागं वळून निंबाकडं पाहिलं. एवढ्या लांबून खुशालराव तिला नुसत्या पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसले. त्यांना ती तशीच दिसत असणार. पागोटं दिसलं की माणूस दिसला.

पुंजाजी तिच्यासाठी टरबूज निवडत होता, बोटानं टिचकी मारून, कान लावून. त्याच्या पागोट्याच्या घडीत कडब्याची एक काडी अडकली होती.

"मामा," ती म्हणाली, "शनिवारी तुमचं पागोटं कोनाच्या डोक्यावर होतं?"

पुंजाजीनं टरबूज वाळूत ठेवलं.

"दुर्गीले विचार," तो म्हणाला.

उभ्यानं, भोयाच्या अंगणात

"मी सांगते," वच्छला म्हणाली. "चुकलं तं थांबवा."

दुर्गाबाई उंबऱ्यात बसली होती. शालू भिंतीला टेकून. पुंजाजी दाराबाहेर, आपल्याच घरी पाहुण्यासारखा.

"शुक्रवारी खुशालभाऊंचं वंगण गेलं. ज्यानं नेलं त्याले ठाऊक होतं का सायकल पान्यात जानार, आन तिनं सडू नये असं त्याले वाटे. शनिवारी मी बाळंतपणाले गेली. किती वेळ अटकीन हे एकाच मानसाले पक्कं ठाऊक, जे माह्यासंग तथी होतं. खड्ड्यावरून भांडन लावलं ते मी लवकर निघू नये मनून. निघाली तरी उशीरच झालता.

"डोंगी पल्याड बांधलेली, पागोटं पल्याड उभं. सगळ्यायनं मामालेबी पल्याडच धरलं. पन भोयाले नदी पार कराले डोंगी कायले लागते? पोहत आले, सायकल घाटावरून खाली उतरवली, बुडी मारून झोपवलेल्या डोंग्यात नेऊन ठेवली. जागा कराले मधातले धोंडे काढले. ते परत वर ठेवले नाईत. पायरीवर ओळीनं मांडले." ती थांबली. "कावून, मामा?"

"स्पोक वाकले असते," पुंजाजी म्हणाला.

"ज्याले माह्या सायकलीचे स्पोक वाकलेले पाहवत नाई, त्यानं ते माह्याकडून नेली कायले? तेवढं मले समजलं नाई."

"यायले नोको विचारू," दुर्गाबाई म्हणाली. "यायनं माह्या सांगण्यावरून केलं."

तिनं हात पुढं केला, तळवा वर, जणू त्यावर काही ठेवलेलं होतं.

"शनिवारी तुह्या हाती दोरा कावून देला? दिसला नाई मले. दोन मयन्यांपासून दिसत नाई. पोरगी का पोरगं, तेबी म्या हातानं पाह्यलं. कोनाले बोललो नाई. यायलेबी उशिरा सांगतलं." तिनं मान शालूकडं वळवली, थोडी चुकीच्या दिशेनं. "इचा आठवा. तू गेली का मंग अथी मीच. आंधळीनं काय बांधाव, काय कापाव?"

"मनून सायकल?"

"मास्तर घड्याळापायी पाच मयने अटकला ना. सगळ्या गावानं पाह्यलं. मले पाच नोको होते. मले दोन पाह्यजे होते. मंग यायनं धुऊन-पुसून घाटावर आनून ठेवली असती."

वच्छलाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की तिनं कमरेची किल्ली मुठीत आवळली.

"अवो माय, मास्तरचं घड्याळ त्यायच्या आधीच्या मास्तरनं हरवलतं. मनून ते नुसते अटकले. सायकल माह्या सहीवर हाय. उद्या चार वाजता ते नसली तं मी अटकनार नाई, मी जाईन. नोकरीतून जाईन, वरून चोरीचा ठपका. आन माही माय तथी शेजारनीच्या तोंडाकडं पाहत बसली हाय, भाकर देते का नाई देत."

शालूनं पदर तोंडाशी नेला.

"हे आमाले कोनी सांगतलं नाई," दुर्गाबाई हळू म्हणाली.

पुंजाजीनं पागोटं उतरवून खुंटीला अडकवलं आणि घाटाकडं चालू लागला.

"तुमी मले डोळ्यांचं सांगाव होतं," वच्छला म्हणाली.

"सांगून सरकार थांबते काय?"

वच्छला दुर्गाबाईला ओलांडून शालूपाशी गेली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"सरकार थांबत नाई," ती म्हणाली. "शालू, तुले माहेर पाह्यजे काय?"

चार्ज यादी

कंदील, एक. काच तडकलेली. हजर.
किटली, पातं उकळण्याची, एक. हजर.
वजनकाटा, एक. हजर.
सायकल, काळी, लेडीज, एक. हजर. शेरा: वंगण जादा.

शेरा कंपाउंडर जानरावांच्या हातचा. त्यांचा पायजमा पांढरा होता, आता उजव्या पोटरीवर तो तसा राहिला नव्हता.

"ओली कावून हाय?"

"धुतली."

"घंटीतून पानी निघून रायलं बाई."

"चांगली धुतली."

जानरावांनी एक फेरी मारून पाहिली, दगडी हत्तीपर्यंत आणि परत. घंटी वाजली नाही, पण यादीत घंटी वेगळी लिहिलेली नव्हती. त्यांनी सही केली.

"नवी नर्स कवा येईन?" वच्छलानं विचारलं.

"मागणी केली हाय."

"कवा?"

जानरावांनी पेनाला टोपण लावलं. "केली हाय ना मागणी."

तोवर भोयाच्या दारात दोन गाठोडी येऊन बसली होती. एक शालूचं. दुसरं कुणाचं ते कुणी विचारलं नाही.

डोंगीत, मोटारीत, शेवटी पायी

बुधवारी सकाळी घाटावर सगळा नांदघाट होता. ज्या मुलीनं शनिवारी रडायला वेळ लावला होता तिलाही कुणीतरी टोपडं घालून आणलं होतं. रामराव मास्तर भाषण करायच्या बेतात होते, पण डोंगी डुलत होती आणि पुंजाजी कुणासाठी थांबत नसतो.

"दुर्गाबाई," खुशालराव वरच्या पायरीवरून म्हणाले, "सून माहेरले चालली ते समजलं. सासू माहेरले जाते हे मी आजच पाह्यलं."

"डोळे दाखवाले चाललो बडनेऱ्यापास्न अमरावतीले," डोंगीतून दुर्गाबाई म्हणाली. "दोन मयने तुहं तोंड दिसत नव्हतं. तेवढं सुख होतं, आता तेबी जाईन."

घाट हसला. खुशालरावही हसले, जरा उशिरा. वंगणाचं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी फिर्याद मागं घेतली होती, नळी मात्र परत भरून मागितली होती.

पलीकडं उतरल्यावर मोटाररस्त्यापर्यंत अर्धा मैल. शालू मधे, दोघी दोन अंगांना. कोण कुणाला धरून चालतंय ते लांबून कळलं नसतं.

बडनेऱ्याला पोहोचायला दुपार झाली. इंजिनच्या धुरानं काळ्या पडलेल्या भिंतींची गल्ली, शेवटची खोली. चतुराबाई बाजेवर होती, दाराकडं तोंड करून.

"आली काय वच्छी?"

"आली."

"संग कोन हाय?"

"तुही दुसरी लेक. बाळंतपणाले आली."

चतुराबाईनं शालूच्या पोटाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं, आणि डाव्या हातानं बाजेवरची गोधडी सारखी केली. "बस माय. पाय वर घेऊन बस." मग दारात अडकलेल्या तिसरीकडं पाहून, "आन हे?"

"हे तिची सासू."

"सासू? माहेरले?"

"हो," दुर्गाबाई म्हणाली. "हसाचं आसन तं आताच हासून घे. गाव हासून झालं."

चतुराबाई हसली नाही. तिनं एकदा या बाईच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं.

"उन्हातून आल्या," ती म्हणाली. "चहा कोन मांडीन? माहा हात चालत नाई, आन वच्छीनं अजून पाय धुतले नाई."

वच्छला पुढं होणार तोच दुर्गाबाईनं आपलं गाठोडं खाली ठेवलं. भिंतीला हात लावून ती आत आली.

"चूल कोनीकडे हाय?"

"डाव्या हाताले," चतुराबाई म्हणाली. "तीन पावलं. मधात उंबरा हाय, उंच हाय, पाय उचल."